पंच सारखे तुटताहेत? क्रायोला पाठवण्याआधी हे करून बघा

जळगावच्या एमआयडीसीत माझी छोटी टूलरूम आहे. पेरणी यंत्र आणि ट्रॉलीच्या सुट्या भागांसाठी पंच-डाय करतो. ४ मिमी जाडीच्या पट्टीला ६ मिमीची भोकं पाडणारा एक पंच होता, डी२ या कडक टूल स्टीलचा. घासून बोथट होण्याआधीच तो मानेतून तुटायचा. कधी आठवड्यात, कधी दोन दिवसांत. ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, "क्रायो करून घे." क्रायो म्हणजे हार्डन केलेलं स्टील शून्याच्या खूप खाली थंड करून ठेवणं. करून घेतलं. पैसे गेले, आठ दिवस गेले आणि नवा पंच पुन्हा त्याच जागी तुटला.

आमचे प्रेसवरचे जुने कारागीर काका तो तुकडा हातात घेऊन म्हणाले, "भाऊ, हाऊ पंच थकी गया." फटीग (धातूचा थकवा) हा शब्द त्यांनी कधी ऐकला नसेल, पण निदान अचूक होतं. लोखंड थकतं. ते कुठून थकायला लागतं हे कळलं की क्रायोवर पैसे घालायचे की नाहीत, हेही कळतं. नव्याने टूलरूम टाकणाऱ्यांसाठी आणि डिप्लोमा करून या कामात आलेल्या मुलांसाठी हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

आधी हे जवळ ठेवा

- तुटलेल्या पंचाचे दोन्ही तुकडे, तेल लावून कागदात गुंडाळलेले
- दहापट भिंग, चांगला टॉर्च
- रॉकवेल कठीणता (एचआरसी) मोजायची सोय (स्वतःची नसेल तर शेजारच्या युनिटमधली)
- स्टीलचं टेस्ट सर्टिफिकेट
- हीट ट्रीटमेंटचा चार्ट. तापमान, वेळ, टेम्परिंग (कडक केल्यावर पुन्हा बेताने तापवणं) किती वेळा, हे सगळं त्यावर हवं
- किती स्ट्रोकनंतर पंच तुटला याची वहीतली नोंद

शेवटची नोंद बहुतेकांकडे नसते. आजपासून सुरू करा.

१. तुटलेला तुकडा वाचायला शिका

पंच तीन प्रकारे जातो. धार गोल होऊन भोकाच्या काठाला बर (उचललेली कड) यायला लागते, ती झीज. धारेचे कण उडतात, ते चिपिंग. आणि मान किंवा डोक्याखालचा खांदा सरळ तुटतो, तो बहुतेकदा थकवा. तिघांवर औषध वेगळं आहे. क्रायोची ख्याती पहिल्या प्रकारासाठी आहे, आणि लोक तिसऱ्यासाठी पाठवतात.

तुटलेला पृष्ठभाग टॉर्चच्या तिरक्या उजेडात धरा. थकव्याच्या तुटीत काठाला नखाच्या टोकाएवढा किंवा त्याहून लहान, गुळगुळीत अर्धचंद्र दिसतो. बाकीचा भाग करडा, खरखरीत असतो. चीर हळूहळू वाढली ती या अर्धचंद्रात, उरलेलं एका दणक्यात गेलं. मऊ स्टीलच्या शाफ्टमध्ये हा गुळगुळीत भाग अर्ध्या व्यासापर्यंत पसरलेला दिसतो. ६० एचआरसीच्या पंचात तो इतका बारीक असतो की शोधावा लागतो.

तो बारीक का असतो, हे नीट समजून घ्या. त्या कठीणतेला डी२चा चिवटपणा, म्हणजे चीर असताना तग धरायची ताकद, फारच कमी असते. कोपऱ्यात ताण एकवटून ९०० मेगापास्कलच्या (ताण मोजायचं एकक) आसपास गेला, तर हिशेबाने जेमतेम दीड-दोन दशांश मिमी खोलीची चीर पुरते आणि पंच तुटतो. चीर वाढत जाण्यात पंचाचं आयुष्य जात नाही. चीर सुरू होईपर्यंतचा काळ हेच त्याचं आयुष्य. म्हणून चिरेचं बी कुठे आहे, हा एकच प्रश्न महत्त्वाचा.

२. पंचावर किती ताण येतो ते कागदावर काढा

यात अवघड काही नाही. गोल पंचासाठी सूत्र असं : ताण = ४ × जाडी × पट्टीची कातरण ताकद ÷ व्यास. माझ्या पंचासाठी ४ × ४ × ३५० ÷ ६, म्हणजे सुमारे ९३३ मेगापास्कल. हा दाब आहे आणि डी२ दाब भरपूर सोसतं.

खरी गोम परतीच्या वेळी आहे. पंच वर येताना पट्टी त्याला धरून ठेवते आणि तोच पंच खेचला जातो. या ओढीला आपण स्ट्रिपिंग म्हणतो. प्रत्येक स्ट्रोकला आधी दाब, मग ओढ. मिनिटाला ४० स्ट्रोक धरले तर आठ तासांत १९,२००. आठवडाभरात लाखाच्या वर. ओढीचा ताण दाबाच्या मानाने लहान असला, तरी खांद्याच्या टोकदार कोपऱ्यात तो कित्येक पटींनी वाढतो.

इथे दोन गोष्टी फुकटात सुधारतात. खांद्याला टोकदार कोपरा ठेवू नका, जमेल तेवढी मोठी आणि पॉलिश केलेली गोलाई द्या. दुसरं म्हणजे डायचं क्लिअरन्स, पंच आणि डाय यांच्यातली फट. मी एका बाजूला जाडीच्या ५ टक्के ठेवायचो. ४ मिमी पट्टीला ८ टक्क्यांपर्यंत नेल्यावर स्ट्रिपिंग हलकं झालं. स्टील बदलण्याआधी, क्रायोआधी, हे करा.

३. कार्बाइड म्हणजे काय आणि ते कुठे अडतं

आपल्याकडची कळण्याची भाकरी आठवा. पीठ भरड असेल तर थापताना काठ चिरतो, आणि चीर बरोबर जाड दाण्यापाशी सुरू होते. पीठ बारीक असेल तर तीच भाकरी अखंड थापली जाते. डी२मध्ये अगदी हेच होतं.

डी२मध्ये सुमारे १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असतं. वितळलेलं स्टील थिजताना त्यातला बराचसा कार्बन क्रोमियमला धरून कठीण खडे बनवतो. हे प्राथमिक कार्बाइड. स्टीलचा बाकीचा भाग ७०० विकर्स (कठीणतेचं दुसरं माप, ७०० म्हणजे साधारण ६० एचआरसी) असला तर हे खडे १५०० च्या वर असतात. झिजेपासून तेच वाचवतात, म्हणूनच आपण डी२ घेतो. पण ते ठिसूळ असतात. बार लाटताना तुटून लाटण्याच्या दिशेने माळेसारखे लांबतात आणि त्यांची लांबी कित्येक दहा मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) जाते. ताण आला की खडा स्वतः फुटतो किंवा भोवतालच्या स्टीलपासून सुटतो. चिरेचं बी तयार.

या बीच्या आकाराचा हिशेब जपानच्या क्युशू विद्यापीठातले युकिताका मुराकामी यांनी मांडला. पृष्ठभागावरच्या दोषासाठी त्यांचं सूत्र असं : थकवा-मर्यादा = १.४३ × (विकर्स कठीणता + १२०), भागिले दोषाच्या मायक्रॉनमधल्या आकाराचं सहावं मूळ. आकार म्हणजे ताणाच्या दिशेने पाहिल्यावर दिसणाऱ्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ. ७०० विकर्सच्या स्टीलमध्ये ३० मायक्रॉनचा खडा असेल तर उत्तर ६६५ मेगापास्कलच्या आसपास येतं. खडा ५ मायक्रॉनचा असेल तर ८९५ च्या आसपास. स्टीलची कठीणता तीच, खडे सहापट बारीक, मर्यादा एक तृतीयांशाने जास्त. हे सूत्र सारख्या उलटसुलट ताणासाठी आहे, पंचावरचा ताण तसा नसतो. त्यामुळे आकडे डोळे झाकून वापरू नका, दोन स्टीलची तुलना करायला वापरा.

याच सूत्रात कठीणता वाढवून बघा. ७०० वरून ७४० केली, म्हणजे साधारण दीड-दोन एचआरसीने वाढवली, तर मर्यादा फक्त ५ टक्क्यांनी चढते. आणि चिवटपणा घटतो, तो वेगळाच. "अजून कडक करून आण" या आपल्या सवयीचं मोल एवढंच.

आता मुख्य मुद्दा. हे मोठे प्राथमिक कार्बाइड हार्डनिंगच्या भट्टीत विरघळत नाहीत. टेम्परिंगने बदलत नाहीत. क्रायोनेही बदलत नाहीत. त्यांचा आकार पोलाद कारखान्यात थिजताना आणि लाटताना ठरून गेलेला असतो. तुमचा पंच अशा खड्यापाशी थकत असेल तर द्रव नायट्रोजन त्याला वाचवू शकत नाही.

४. स्टील घेताना

टेस्ट सर्टिफिकेटवर रसायन असतं, कार्बाइडचा आकार नसतो. म्हणून एवढं बघा.

बार कामाच्या मापाच्या जवळचा घ्या. २० मिमीच्या पंचासाठी १०० मिमीच्या बारचा तुकडा स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका. मोठा बार कमी लाटलेला असतो, त्याच्या मधोमध खडे सगळ्यात मोठे असतात आणि तुमचा पंच नेमका तिथून निघतो.

दिशा सांभाळा. पंचाचा अक्ष लाटण्याच्या दिशेनेच हवा. माझी घोडचूक इथेच झाली होती. प्लेटमधून जागा वाचवायला पंच आडवे बसवून वायरकट केले, म्हणजे तारेच्या ठिणगीने कापले. कार्बाइडच्या माळा मानेला आडव्या आल्या आणि ओढीचा ताण थेट त्या माळांवर पडला. आता प्लेट आली की पेंटने बाण काढतो आणि शेवटचा तुकडा संपेपर्यंत तो पुसू देत नाही.

एचसीएचसीआर (हाय कार्बन हाय क्रोमियम) या नावाखाली बाजारात डी२ आणि डी३ दोन्ही विकलं जातं. डी३मध्ये कार्बन २ टक्क्यांच्या वर असतो, म्हणजे खडे आणखी जास्त. बारीक पंचासाठी ते नको. बिलावर ग्रेड स्पष्ट लिहून घ्या.

एवढं करूनही पंच थकत असेल तर स्टील बदला. ८ टक्के क्रोमियमच्या ग्रेडमध्ये खडे कमी आणि लहान असतात. पावडर पद्धतीच्या स्टीलमध्ये वितळलेल्या धातूची नायट्रोजनच्या झोताने भुकटी करून ती दाबाखाली घट्ट करतात. त्यात खडे काही मायक्रॉनचेच राहतात आणि त्यांच्या माळा बनत नाहीत. ते डी२च्या कित्येक पट महाग असतं, पण ६ मिमीच्या पंचाला लागतं किती?

खडे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे असतील तर मेकॅनिकल शाखेच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात चौकशी करा. जळगाव, बांभोरी, फैजपूर, धुळे, शिरपूर, सगळीकडे अशी महाविद्यालयं आहेत. धातुशास्त्राच्या प्रयोगासाठी सूक्ष्मदर्शक लागतोच. प्राचार्यांच्या नावे विनंतीपत्र, पॉलिश केलेला तुकडा आणि थोडी चिकाटी, एवढं पुरतं. नायटल (अल्कोहोलमधलं सौम्य नायट्रिक आम्ल) लावून एच केल्यावर पांढरे खडे आणि त्यांच्या रांगा लख्ख दिसतात. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सहा महिन्यांचा गोंधळ पाच मिनिटांत मिटला.

५. हार्डनिंग आणि आपल्याकडचा मे महिना

डी२ साधारण १०२० अंशांवरून हार्डन होतं, म्हणजे तितकं तापवून थंड केल्यावर कडक होतं. त्याआधी ६५० आणि ८५० च्या आसपास थांबे देऊन तापवतात. तापमान वाढवत १०७० पर्यंत नेलं की जास्त कार्बन स्टीलमध्ये विरघळतो आणि थंड झाल्यावर जास्त ऑस्टेनाइट (तापलेल्या स्टीलची आतली रचना) तसंच मागे राहतं. हे उरलेलं ऑस्टेनाइट मऊ असतं आणि पुढे कधीतरी ताणाखाली किंवा थंडीत मार्टेन्साइट (हार्डनिंगने मिळणारी कडक रचना) होऊन फुगतं. माप बदलतं, आतला ताण वाढतो.

ऑस्टेनाइट किती उरेल हे स्टील शेवटी किती थंड झालं यावर ठरतं. डी२चं रूपांतर खोलीच्या तापमानाला पूर्ण होतच नाही, खाली न्यावं तसं ते पुढे सरकतं. आपल्याकडे मेमध्ये शेडखाली ४५ अंश असतात. जानेवारीच्या २० अंशांच्या मानाने तेव्हा उरलेलं ऑस्टेनाइट हिशेबाने सुमारे एक तृतीयांशाने जास्त राहतं, म्हणजे १२ टक्क्यांच्या जागी १६. उन्हाळ्यात हार्डन केलेल्या जॉबची मापं नंतर हलतात, अशी तक्रार बऱ्याच टूलरूममध्ये ऐकतो. त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

६. क्रायो कधी करायचं, कसं करायचं

क्रायोचं काम दोन थरांचं आहे. उणे ८० अंशांपर्यंत नेलं की उरलेल्या ऑस्टेनाइटचा बराच भाग मार्टेन्साइट होतो. हे सबझिरो, कोरड्या बर्फानेही जमतं. उणे १८५ च्या खाली नेऊन कित्येक तास ठेवलं की पुढच्या टेम्परिंगमध्ये अतिबारीक कार्बाइड जास्त संख्येने आणि सारखे पसरून निघतात. हे डीप क्रायो. यातले बारीक कार्बाइड आणि वरचे मोठे खडे यांची गल्लत करू नका. विक्रेता म्हणतो "क्रायोने कार्बाइड बारीक होतात", तेव्हा तो या नव्या बारीक कणांबद्दल बोलत असतो.

खरगपूरची आयआयटी आणि शिबपूरची अभियांत्रिकी संस्था इथल्या संशोधकांनी डी२वर या विषयाचं मोलाचं काम केलं आहे. झिजेसाठी त्यांना सुमारे ३६ तासांचा मुक्काम सगळ्यात फायद्याचा आढळला. त्याहून जास्त ठेवून लाभ नाही. त्यांच्याच मोजणीत क्रायो केलेल्या डी२चा चिवटपणा मात्र थोडा घटलेला दिसला. झीज कमी, पण चीर सोसण्याची ताकदही किंचित कमी. थकव्याच्या बाबतीत वेगवेगळ्या स्टीलवरचे निकाल एकमुखी नाहीत, कुठे आयुष्य वाढलं, कुठे घटलं. कारणही समजण्यासारखं आहे. उरलेलं ऑस्टेनाइट चिरेच्या टोकाशी फुगून तिला कधी कधी अडवतं, ते काढून टाकलं की हा आधार जातो.

मी आता असं ठरवतो. पंच घासून जात असेल, मापं हलत असतील, टेम्परिंग २०० अंशांचं असेल, तर क्रायो करा. पंच खांद्यातून तुटत असेल तर आधी गोलाई, क्लिअरन्स, दिशा, फिनिश बघा, क्रायोचा विचार त्यानंतर. आणि टेम्परिंग ५२० अंशांच्या आसपासचं असेल तर त्यातच उरलेलं बहुतेक ऑस्टेनाइट मोडतं, मग क्रायोचा फायदा बराच कमी होतो.

करायचंच ठरलं तर क्रम असा हवा : हार्डनिंग, लगेच क्रायो, मग दोन वेळा टेम्परिंग, दर वेळी किमान दोन तास. हार्डनिंगनंतर जॉब दोन-तीन दिवस पडून राहिला की ऑस्टेनाइट स्थिरावतं आणि क्रायोला दाद देत नाही. माझ्या पहिल्या जॉबचं असंच झालं होतं. हार्डनिंग एकीकडे, क्रायो दुसऱ्या गावी, मध्ये शनिवार-रविवार. शिवाय टेम्परिंग आधीच उरकलेलं होतं आणि क्रायोनंतर पुन्हा केलंच नाही. नवा मार्टेन्साइट कच्चाच राहिला, काचेसारखा. दोन्ही कामं एकाच छताखाली होतील अशीच जागा शोधा. आकार गुंतागुंतीचा असेल, तडा जायची भीती असेल, तर क्रायोआधी १५० अंशांचं हलकं टेम्परिंग मागून घ्या. फायदा थोडा घटतो, जॉब वाचतो.

थंड करायची गती मिनिटाला एक-दोन अंश असावी. म्हणजे नुसतं खाली जायलाच दोन ते साडेतीन तास लागतात. "दोन तासांत क्रायो करून देतो" म्हणणाऱ्याकडून चार्ट मागा.

एक धोक्याची सूचना, कारण हा सल्ला मला गावाकडून मिळाला होता. जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवायला द्रव नायट्रोजनची कॅन असते. तिच्यात पंच बुडवायचा विचारही करू नका. उणे १९६ अंशांच्या द्रवात एकदम टाकलेल्या हार्डन डी२ला तडा जाऊ शकतो. त्यात कॅनमधला नायट्रोजन उकळून उडाला तर शेतकऱ्यांसाठी ठेवलेल्या कांड्या वाया जातात. आणि एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. बंद खोलीत तो प्राणवायू हटवतो आणि माणूस काही कळायच्या आत कोसळतो.

७. वायरकट आणि ग्राइंडिंग

स्टील उत्तम, हीट ट्रीटमेंट उत्तम, आणि पंच तरी तुटतो, असं झालं की संशय इथे घ्या. वायरकटच्या ठिणगीने पृष्ठभागावर वितळून थिजलेला पातळ थर राहतो. तो ठिसूळ असतो, ओढीच्या ताणात असतो आणि त्यात बारीक भेगा असतात. ३० मायक्रॉनच्या कार्बाइडची चिंता करायची आणि भेगाळलेली अख्खी मान तशीच प्रेसवर चढवायची, यात अर्थ नाही. शेवटचे स्किम कट (वरवरून घेतलेले बारीक कट) हलक्या करंटने घ्या, थर पॉलिश करून पूर्ण काढा, मग शेवटच्या टेम्परिंगपेक्षा २०-३० अंश कमी तापमानाला दोन तास ठेवा.

ग्राइंडिंगमध्ये चाक ड्रेस करून (त्याची धार ताजी करून) घ्या, कूलंट भरपूर सोडा, कट हलका ठेवा. जळालेली जागा नायटलने गडद दिसते. शेवटचं पॉलिश पंचाच्या लांबीच्या दिशेने करा. मानेभोवती गोल फिरवलेला पॉलिश पेपर ओढीला आडवे ओरखडे पाडतो. आणि पंचाचा नंबर मानेवर ठोकू नका, डोक्यावर ठोका.

पुढे पीव्हीडी कोटिंग (निर्वातात चढवलेला पातळ कठीण थर) करणार असाल तर हार्डनिंगवाल्याला आधीच सांगा. कोटिंगचं तापमान ४५० अंशांच्या आसपास जातं, २०० वर टेम्पर केलेला पंच त्यात मऊ पडतो.

८. जॉब पाठवताना

जॉबवर्कचं डिलिव्हरी चलन नगांच्या संख्येसह करा. सोबत वेगळा कागद जोडा, त्यावर ग्रेड, हवी ती कठीणता दोन एचआरसीच्या पट्ट्यात (उदाहरणार्थ ५८ ते ६०), टेम्परिंगचं तापमान, क्रायो हवं असल्यास तापमान, तास आणि क्रम, आणि चार्टची प्रत परत पाठवण्याची विनंती. फोनवर सांगितलेलं विसरलं जातं. त्याच स्टीलचा एक छोटा तुकडा सोबत पाठवा, कापून तपासायला तो उपयोगी पडतो.

९. एका वेळी एकच गोष्ट बदला

गोलाई, स्टील आणि क्रायो तिन्ही एकदम बदलले आणि पंच टिकला, तर कशामुळे टिकला ते कळणार नाही आणि पुढच्या ऑर्डरला तिन्हींचे पैसे मोजाल. प्रत्येक बदलाचे किमान चार-पाच पंच चालवा. थकव्यात एकाच बॅचचे पंचही सारखे टिकत नाहीत, कारण प्रत्येकाच्या कोपऱ्यात सापडणारा खडा वेगळा असतो. एक पंच जास्त चालला म्हणून हुरळू नका, एक लवकर गेला म्हणून बदल रद्द करू नका. वहीत पंचाचा नंबर, बार कुठला, बाणाची दिशा, चार्ट नंबर, स्ट्रोक आणि तुटल्याची जागा लिहा, आणि तुकडा त्याच नंबरच्या पाकिटात टाकून कपाटात ठेवा.